बेघर निवाऱ्यासाठी दौड घ्यायचीय? मग टी-शर्ट सगळ्यात शेवटी

आमच्या पहिल्या दौडीत ६०० जण धावले. प्रत्येकी ४०० रुपयांप्रमाणे २ लाख ४० हजार रुपये जमले आणि निवाऱ्याच्या हातात पडले ७,५६०. चोरी कुणीच केली नव्हती. पैसे गेले ते असे:

टी-शर्ट ६५० × १६० = १,०४,०००
मेडल ६०० × ५५ = ३३,०००
नाश्ता ७०० × ५० = ३५,०००
बिब (छातीवर लावायचा नंबर) ६२० × १२ = ७,४४०
मंडप, स्टेज, साउंड = ३०,०००
रुग्णवाहिका आणि औषधं = १२,०००
पाणी = ३,०००
छपाई, फलक = ८,०००

एकूण खर्च २,३२,४४०. भुकेल्यांसाठी म्हणून धावलो आणि धावणाऱ्यांनाच कपडे घालून, नाश्ता देऊन घरी पाठवलं. त्यानंतरच्या वर्षांत आसपासच्या तीन-चार गावांतली मंडळं विचारायला आली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: "टी-शर्ट कुठून केले?" म्हणून हा लेख. गावपातळीवरच्या ५ किलोमीटरच्या, पाच-सहाशे लोकांच्या दौडीसाठी आहे. हाताशी चार महिने ठेवा.

१. आधी निवाऱ्यात जाऊन बसा

फोनवर "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही पण चालेल." प्रत्यक्ष जा, संध्याकाळी सातनंतर जा, कारण माणसं तेव्हा परततात. काळजीवाहकाला दोन वह्या मागा: मुक्कामाची आणि किराण्याची. अर्ध्या तासात कळतं की टंचाई कशाची आहे.

आम्हाला जे दिसलं ते आधी डोक्यातही नव्हतं. ब्लँकेटं कपाटात मावत नव्हती. पितृपक्षात आणि लोकांच्या वाढदिवसांना जेवण इतकं येतं की एका रात्री दोन-दोन पंगती होतात. जूनचा पाऊस लागला की माणसं वाढतात आणि देणारं कोणी फिरकत नाही. कमी पडत होतं ते गॅस सिलिंडर, तूरडाळ, बायकांसाठी सॅनिटरी पॅड, आतले कपडे, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि रिक्षाभाडं. रिक्षाभाडं कशाला? तर आधार, रेशनकार्ड, निराधार योजनेचे कागद करायला माणसाला चार कचेऱ्या फिरवायला लागतात. कागद झाले की त्याचं धान्य त्याच्या हक्कानं सुरू होतं. एका माणसाच्या कागदांवर खर्च केलेले तीनशे रुपये एका दिवसाच्या अन्नदानापेक्षा लांब पुरतात, असं माझं मत आहे.

निवाऱ्यात न येणाऱ्यांनाही मोजा. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात पेशंटचे नातेवाईक आठवडाच्या आठवडा दवाखान्याबाहेर झोपतात. ते स्वतःला बेघर म्हणणार नाहीत, पण रात्री पोटात काही नसतं.

*सावधान:* जे सरकारनं द्यायचं आहे ते आपण देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार शहरात लाख वस्तीमागे किमान एक निवारा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा, असायला हवा. चालवणाऱ्या संस्थेला विचारा की कोणत्या खर्चाला सरकारी पैसे येतात आणि कोणत्या नाही. आपला पैसा दुसऱ्या रकान्यात जावा.

*तपासून पहा:* एका कागदावर तीन ओळी लिहिता येतात का? काय घ्यायचं, किती रुपयांचं, कोणत्या महिन्यात. आमचा दुसऱ्या वर्षीचा कागद असा होता: "जून ते सप्टेंबर गॅस आणि डाळ, वर्षभर औषधं, २५ जणांचे कागद. मिळून १ लाख ४० हजार." हा कागद तयार झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

२. पैसा कोणाच्या खात्यात येणार ते ठरवा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून हे लवकर संपवा. कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका, तो माणूस कितीही सज्जन असो. उलट सज्जन असेल तर मुळीच नको. पुढे त्यालाच उत्तरं देत बसावं लागतं.

सोपा मार्ग म्हणजे निवारा चालवणाऱ्या किंवा तुमच्या ओळखीच्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचं खातं. संस्थेचा ठराव घ्या: दौडीचे पैसे या खात्यात येतील, खर्च दोघांच्या सह्यांनी होईल, उरलेली रक्कम अमुक कामाला जाईल. तुमचं मंडळ नोंदलेलं नसेल आणि तुम्हीच देणग्या गोळा करणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे आधी धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेश मंडळात काम केलेल्या कुणालाही विचारा, त्याला ही वाट पाठ असते.

नोंदणी शुल्क आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन पावतीपुस्तकं ठेवा. ४०० रुपये भरून टी-शर्ट, मेडल, नाश्ता घेणाऱ्यानं देणगी दिलेली नाही, त्यानं तिकीट काढलं आहे. त्याला प्राप्तिकर सवलतीची (८०जी) पावती फाडून देऊ नका. देणगीदारालाही आधीच सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला ती तशीही मिळत नाही. मार्चमध्ये फोन येण्यापेक्षा हे बरं.

*सावधान:* परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे. भारतीय पासपोर्ट असलेला भाचा दुबईहून स्वतःच्या कमाईतले पैसे नेहमीच्या बँकमार्गानं पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मावशीकडून, तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असलं तरी, एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, नसलेल्या संस्थेला पैसे घेता येत नाहीत. मावशीला प्रेमानं नाही म्हणा.

३. हिशेब उलटा मांडा

बहुतेक जण शुल्क ठरवतात, खर्च करतात आणि उरेल ते देतात. उरत नाही. उलटं करा. वरच्या कागदावरची रक्कम पहिल्या ओळीत लिहा. तिच्याखाली टाळता न येणारा खर्च: बिब, पाणी, रुग्णवाहिका, मार्गावर उभी करायची माणसं. मग बघा काय परवडतं.

आमच्या पहिल्या वर्षाच्या यादीतून नुसते टी-शर्ट आणि मेडल काढले तरी १,३७,००० वाचले असते आणि निवाऱ्याला ७,५६० ऐवजी १,४४,५६० मिळाले असते. दुसऱ्या वर्षी तेच केलं. शुल्क ४०० ठेवलं आणि टी-शर्ट हवा असेल त्याला २०० जास्त. लोक नाराज होतील असं वाटलं होतं. थोडे झालेही. एका गृहस्थानं तर "मेडल नाही तर धावायचं कशाला?" असं विचारलं. बाकीच्यांना फॉर्मवर छापलेलं एक वाक्य पटलं: "मेडलचे ५५ रुपये डाळीला दिले आहेत."

टी-शर्टची ऑर्डर नोंदणी बंद झाल्यावर द्या. अंदाजानं केलेले एक्सएल अजून माझ्या माळ्यावर आहेत.

प्रायोजक घ्यायचा असेल तर वस्तूचा किंवा सेवेचा घ्या: मंडपवाल्याचा मंडप, केमिस्टची ओआरएसची पाकिटं. आमच्याकडे एकानं स्टेजवरून पंचवीस हजार जाहीर केले, टाळ्या घेतल्या आणि ते आजतागायत आलेले नाहीत. खात्यात जमा झाल्याशिवाय फलकावर नाव नाही, हा नियम तेव्हापासून.

४. तारीख आणि वेळ

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा रविवार. आठवडी बाजार, स्पर्धा परीक्षा, लग्नाची दाट तिथी आणि गावची जत्रा बघून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर त्या आठवड्यांना हातच लावू नका, परवानग्या तिथेच अडकतात.

वेळेची चूक मात्र सगळेच करतात. "पहाटे साडेपाचला" हे ऐकायला छान वाटतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला काळोख असतो आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. पहिल्या वर्षी आमचा झुंबा पाच चाळीसला सुरू झाला आणि पाच पन्नासला पोलिसांनी बंद केला. त्यांचं बरोबरच होतं. सहाला जमणं, साडेसहाला सूचना, सातला सुरुवात. चालत येणारे आजी-आजोबा सव्वाआठपर्यंत परत येतात, तोवर ऊन लागत नाही.

५. रस्ता: सायकलनं मोजा, पहाटे बघा

मोबाइलवर ५ किलोमीटर दाखवलं म्हणजे ते ५ किलोमीटर नसतात. इमारतींच्या मधून जाताना जीपीएस इकडेतिकडे उड्या मारतं. स्वस्त आणि पक्की रीत अशी:

सरळ रस्त्यावर स्टीलच्या टेपनं ३०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. सायकलच्या पुढच्या चाकावर, व्हॉल्व्हजवळ खडूनं खूण करा आणि त्या अंतरात चाकाचे फेरे किती होतात ते मोजा. हे चारदा करून सरासरी काढा. मग पूर्ण मार्ग त्याच सायकलवर, त्याच माणसानं, तेवढीच हवा ठेवून फिरायचा. वळणावर आतल्या कडेपासून साधारण ३० सेंटिमीटरवरून, कारण धावणारा तिथूनच जातो. प्रत्येक किलोमीटरला एक मीटर जास्त धरा. मोठ्या स्पर्धांतही मार्ग कमी भरू नये म्हणून हेच करतात.

त्यानंतर बरोबर दौडीच्याच वारी, दौडीच्याच वेळी तिथे जाऊन उभे रहा. आमच्या ऊसपट्ट्यात हे न करणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आम्ही मार्ग पाहिला होता सप्टेंबरच्या एका संध्याकाळी, मोकळाच्या मोकळा. दौड होती जानेवारीत, गळीत हंगामाच्या ऐन भरात. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, प्रत्येकामागे उसानं फुगलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि त्यांच्या बाजूनं कडेला सरकत चाललेली चौथीतली पोरं. तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. आता आमचा मार्ग कारखान्याच्या रस्त्याला कुठेच शिवत नाही. अडीच किलोमीटरचा फेरा, दोनदा. बघायला कंटाळवाणा आहे, पण सांभाळायला निम्मी माणसं पुरतात.

*तपासून पहा:* उजवीकडे वळून रस्ता ओलांडायची वेळ किती ठिकाणी येते? एकदाही येत नसेल तर उत्तम. फेरा डावीकडून डावीकडे फिरवला की हे जमतं. दवाखान्याचा दरवाजा कुठे अडतोय का, तेही बघा.

६. परवानग्या

क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक जण आधीच्याचा कागद मागतो. संस्थेचं पत्र आणि ठराव, मार्गाचा नकाशा, मग स्थानिक पोलिस ठाणं, वाहतूक शाखा, नगरपालिका किंवा महापालिका, मैदानाची परवानगी. दोन महिने आधी सुरुवात करा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी "करा हो, काही अडचण नाही" याला किंमत नाही. तो साहेब बदलून जातो आणि दौडीच्या आदल्या दिवशी तुम्ही नव्या साहेबासमोर उभे असता.

नकाशावर बंद करायचे रस्ते, कोणत्या वेळेत आणि पर्यायी रस्ता कोणता, हे तिन्ही दाखवा. नुसतं "सहकार्य करावे" लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो.

फलक लावायचे तर पालिकेची परवानगी काढूनच. चौकातल्या झाडाला खिळे ठोकून लावलेला "माणुसकीची दौड" हा फलक मी पाहिला आहे. प्लास्टिकचे ग्लास १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, पाण्याची ऑर्डर देताना हे लक्षात असू द्या.

७. नोंदणी

फॉर्ममध्ये हे हवंच: वय, घरच्या माणसाचा फोन, आजार, चालू औषधं. बिबच्या मागे फोन नंबर लिहायला जागा सोडा आणि बिब देतानाच तो लिहून घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस असलंच पाहिजे.

बिब आदल्या दिवशी वाटा, सकाळी नाही. आणि टाचण्या! एका बिबला चार, म्हणजे ६०० जणांना २,४००. पहिल्या वर्षी आम्ही एक हजार आणल्या. सुरुवातीला दहा मिनिटं उरली असताना दीडशे लोक छातीवर बिब धरून उभे होते आणि आमचा खजिनदार गावातल्या एकमेव उघड्या दुकानात, म्हणजे दुधाच्या डेअरीत, टाचण्या मागत होता.

८. पाणी आणि डॉक्टर

२० लिटरच्या जारमधून १५० मिलीचे १३० ग्लास निघायला हवेत, सांडून-लवंडून ११० धरा. ६०० जणांसाठी मधल्या ठिकाणी ७५० ग्लास म्हणजे ७ जार, शेवटी माणशी दोन ग्लास म्हणजे ११ जार. मिळून १८, मागवा २२. ग्लास आधी भरून ठेवा. जारची तोटी उघडून एकेक ग्लास भरणं गर्दीपुढे टिकत नाही. टेबलं एकाच जागी न ठेवता दहा-दहा पावलांवर मांडा, नाहीतर पहिल्याच टेबलावर झुंबड उडते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात चिमूट-चिमूट नाही.

१०८ ही रुग्णवाहिका सगळ्या तालुक्याची आहे, तुमच्या दौडीसाठी ती राखीव नाही. स्वतःची एक भाड्यानं घ्या, डॉक्टरसह. ती सुरुवातीच्या स्टेजजवळ शोभेला उभी करू नका. माणूस कोसळतो तो बहुधा शेवटच्या टप्प्यात किंवा रेषा ओलांडून एकदम थांबल्यावर. रुग्णवाहिका तिथे हवी आणि तिला बाहेर पडायला मोकळा रस्ता हवा. पोचलेल्यांना थांबू न देता शंभर पावलं चालवत नेणारे चार स्वयंसेवक त्याच ठिकाणी ठेवा. छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचं प्रशिक्षण निदान दहा जणांनी आधीच्या आठवड्यात घ्यावं.

९. दौडीची सकाळ

पहाटे ४:३० मार्गावर दिशादर्शक, चुन्याचे बाण
५:१५ प्रत्येक वळणावर दोन स्वयंसेवक, शिट्टी आणि लाल झेंडा
५:४५ संपूर्ण मार्गावरून मोटारसायकलनं एक फेरी
६:३० सूचना, मराठीत, तीन मिनिटं
७:०० सुरुवात

सूचनांच्या आधी भाषण नको. पाहुण्यांना झेंडा द्या, माइक देऊ नका. थंडीत उभ्या असलेल्या मुलांच्या पोटऱ्या भाषणानं आखडतात.

शेवटच्या माणसामागे एक सायकलस्वार हवा. तो पोचल्यावरच वळणावरचे स्वयंसेवक हलतात, त्याआधी नाही.

*सावधान:* निवाऱ्यातल्या माणसांना स्टेजवर बोलावून त्यांच्या हातात ब्लँकेट देत फोटो काढू नका. कुणाला यायचं असेल तर पाण्याच्या टेबलावर काम द्या, इतर कामगारांना देता तेवढीच मजुरी द्या. गेल्या वर्षी शेवटच्या टेबलावर असलेल्या एका काकांनी ग्लासांची अशी रांग लावली होती की आम्हीच बघत राहिलो. पूर्वी हॉटेलात होते.

१०. उरलेला नाश्ता

पहिल्या वर्षी उप्पिटाची ऐंशी पाकिटं उरली. साडेदहाला आम्ही ती मोठ्या अभिमानानं निवाऱ्यात नेली. काळजीवाहक मावशींनी टेम्पोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आत्ताच पोहे झालं की सगळ्यांचं. आन हे ठिवायचं कुठं?" सकाळी सहाला शिजलेलं उप्पीट, उन्हात तापलेलं. शेवटी मावशींनाच ते टाकायला लागलं, तेही आमच्या समोर नाही, आम्ही गेल्यावर.

तेव्हापासून नाश्ता नोंदणीच्या ९० टक्केच, बाकीच्यांना केळी. शिजवून दोन तास बाहेर राहिलेलं अन्न कुणालाही पाठवायचं नाही. त्याआधीचं पाठवायचं तर पहिल्यांदा निवाऱ्यात फोन, मग झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी: पदार्थ, कधी शिजवला, कधीपर्यंत खायचा. उरलेली केळी आणि न उघडलेल्या बिस्किटांची खोकी मात्र आनंदानं घेतली जातात.

११. हिशेब आणि हवाली

दहा दिवसांच्या आत जमाखर्च एका पानावर छापा आणि धावलेल्या प्रत्येकाला पाठवा. टाचण्यांसकट. न आलेली प्रायोजकांची रक्कमही "येणे" म्हणून दाखवा, नाव न घेता.

मोठा चेक देतानाचा फोटो काढायचा असेल तर काढा, पण सगळी रक्कम एकदम देऊ नका. पहिल्या कागदावरच्या महिन्यांप्रमाणे हप्ते पाडा. किराणा दुकानदाराला आणि गॅस एजन्सीला थेट भरलं तर निवाऱ्याला दरवेळी पावत्या गोळा कराव्या लागत नाहीत. औषधं आणि कागदांसाठीची रोख रक्कम मात्र काळजीवाहकाच्या हातात हवी. रात्री दोनला कुणाला ताप आला तर तिनं आमच्या सह्यांची वाट बघायची का?

*तपासून पहा:* जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, पुन्हा संध्याकाळी सातनंतर जा. किराण्याची वही मागा. डाळीच्या ओळीपुढे दुकानदाराची सही असेल आणि स्वयंपाकघरात दुसरा सिलिंडर भरलेला असेल, तर पुढच्या वर्षीच्या तारखेसाठी कॅलेंडर काढा. नसेल, तर चूक कोणत्या पायरीवर झाली ते मावशींनाच विचारा.